उद्याचा पाऊस चुकतो, मग २१०० सालचं कसं सांगतात?

ऐरोलीकर:
मुलगी आठवीत आहे. काल खिडकीत पाऊस बघत बसली होती आणि एकदम विचारते, बाबा उद्याचा अंदाज चुकतो मग शास्त्रज्ञ २१०० सालचं कसं काय सांगतात, आणि ८ लाख वर्षांपूर्वीची हवा बघायला होतं कोण? मला धड सांगता आलं नाही. उगाच काहीतरी ठोकून द्यायचं नाहीये, कोणी नीट सांगेल का?

घोडबंदरवाला:
मागचं आधी. अंटार्क्टिकात बर्फाचे थरावर थर साचतात आणि त्यात त्या त्या वेळच्या हवेचे बुडबुडे अडकून राहतात, म्हणजे ती जुनी हवाच हातात येते. डोम सी म्हणून जागा आहे तिथे ३ किलोमीटरच्या वर खोल ड्रिल केलं आणि ८ लाख वर्षांचा बर्फ मिळाला. एवढ्या काळात कार्बन डायऑक्साइड दहा लाखात साधारण १८० ते ३०० भाग, यातच वरखाली. आज ४२० च्या वर आहे!! हे वाचलं त्या रात्री मला झोप नव्हती.

खाडीकाठ:
दादा, मुलीला आपल्याकडचं पण सांगा. मेघालयात मावम्लुह गुहा आहे, छतातून पाणी ठिबकून चुनखडीचा खांब वाढतो, त्याचे थर तपासले तर ४२०० वर्षांपूर्वी पाऊस बराच कमी झालेला दिसतो, आणि त्यावरूनच २०१८ मध्ये सध्याच्या कालखंडाला 'मेघालयन' नाव मिळालं. पुण्याचे आयआयटीएमवाले (हवामानावर संशोधन करणारी संस्था) सागाच्या खोडातल्या वलयांवरून जुने पावसाळे शोधतात.

वाशी_सेक्टर१७:
पुढचं कसं, तर उद्या ठाणे-वाशी लोकल किती मिनिटं लेट ते कोणी सांगू शकत नाही, पण सकाळी ९ ला ठाण्याला गर्दी असणार हे आत्ता सांगता येतं ना, तसंच आहे हे, रोजचं हवामान वेगळं आणि तीस वर्षांची सरासरी वेगळी. मॉडेल म्हणजे कॉम्प्युटरवर मांडलेलं हवामानाचं गणित, ते आधी मागच्या काळावर चालवून बघतात, जमलं तरच पुढचं. १९९१ ला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला तेव्हा जगाचं तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास उतरेल असं मॉडेलवरून आधीच सांगितलं होतं आणि तसंच झालं. आणि २१०० चा आकडा एकच नसतो, आपण धूर किती सोडणार त्यावर वेगवेगळे असतात, हे तिला नक्की सांगा.

ऐरोलीकर:
लोकलचं लगेच पटलं तिला. आता विचारतेय आपल्या खाडीच्या चिखलातून पण कळतं का?

खाडीकाठ:
हो तर! किनाऱ्यावरच्या जुन्या चिखलात खारफुटीचे परागकण टिकून राहतात, ते ज्या थरात भरपूर सापडतात त्या वेळी भरतीचं पाणी तिथपर्यंत येत होतं.