आठवीचे विषय मुलांनी निवडावेत का?

पाटीपेन्सिल:
सातवी संपत आली की आमच्या ओळखीच्या पालकांत एकच चर्चा सुरू होते. संपूर्ण संस्कृत की हिंदी-संस्कृत संयुक्त? उत्तर ठरलेलंच असतं. संस्कृतात गुण भरपूर पडतात आणि दहावीला ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’मध्ये, म्हणजे सर्वाधिक गुणांचे पाचच विषय धरून टक्केवारी काढतात तिथे, ते कामी येतात. माझ्या पुतणीला हिंदी गोष्टींचं वेड आहे. तिला संपूर्ण हिंदी हवं होतं. घरात कुणी तिला विचारलंच नाही, फॉर्मवर सही झाली. आता ती रोज संध्याकाळी ‘देवः देवौ देवाः’ घोकते. दहावीचा पेपर दिला की ती संस्कृतकडे पुन्हा वळून बघणार नाही, याची मला खात्री आहे. म्हणजे हिंदी हातचं गेलं आणि संस्कृतही तिचं झालं नाही.

वाचन, लेखन, गणित, विज्ञानाचा पाया सगळ्यांना हवाच. पण भाषा, कला, हस्तकौशल्य यांतलं काय शिकायचं हे आठवीपासून मुलांनी ठरवावं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही नववी ते बारावीत विषय निवडायची मोकळीक आहे, कला आणि विज्ञान यांच्यातली भिंत पाडायची भाषा आहे. मग घरोघरी अजून पालकच का ठरवतात?

खडूवाली:
मी हायस्कूलमध्ये गणित शिकवते आणि माझा याला ठाम विरोध आहे. आपल्याकडे निवड दिल्यावर काय झालं ते मी वर्गात पाहिलंय. दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी ‘सामान्य गणित’ घ्यायची सोय होती. कागदावर ती निवडच होती. पण ते कुणी घ्यायचं? घटक चाचणीत दोनदा नापास झालेल्यांनी, आणि मुलींनी. ‘पोरीला भूमिती कशाला, पास झाली म्हणजे झालं’ हे मी पालकसभेत ऐकलंय. एकदा सामान्य गणित घेतलं की अकरावीला गणित घ्यायची वाट बंद. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीने, तेही निम्मं घरच्यांच्या धाकाने, आपलं पुढचं शिक्षण ठरवून टाकायचं?

२०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गणित ऐच्छिक करता येईल का, अशी विचारणा केली होती. त्याच वर्षी मंडळाने नववीपासून सामान्य गणित बंद केलं. ते बंद झालं याचा मला आनंदच आहे.

आवडीचं म्हणाल तर, प्रमेय लिहिताना पक्ष, साध्य, सिद्धता असं मांडायला मुलं सुरुवातीला कंटाळतात. मग चक्रीय चौकोनाच्या प्रमेयापाशी एखादीचा हात अचानक वर येतो, ‘बाई, पुढची पायरी मी सांगू?’ नववीतच तिने विषय सोडला असता तर?

पाटीपेन्सिल:
बाई, तुमचं उदाहरण माझीच बाजू मांडतंय. त्या मुलींनी निवड केलीच नव्हती. शाळेला निकालाची टक्केवारी हवी होती, घरच्यांना पास झाल्याचा कागद. शिवाय परतीची वाट नव्हती. दोष त्या बंद वाटेचा आहे, मुलांच्या मताचा नाही.

दोनशिक्षकी:
शहरातल्या मंडळींनी जरा इकडेही बघावं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीत साठपर्यंत मुलं असतील तर शिक्षक दोन. दोघांनी पाच वर्ग सांभाळायचे. तिथे कुठल्या मुलाने काय निवडायचं?

जून २०२५ चा तिसऱ्या भाषेचा शासन निर्णय आठवा. हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा घेता येईल, पण इयत्तेत किमान २० मुलं तयार हवीत. आमच्या अख्ख्या शाळेत मिळून कशीबशी तेवढी पोरं. म्हणजे पर्याय मोठ्या शाळांना आणि सक्ती आम्हाला. महिनाअखेर तो निर्णय मागे घेतला गेला, पण सरकारी निवड कशी असते ते त्यातून दिसलं. आधी शिक्षक द्या, मग आवडीनिवडीचं बोलू.

रानवाट:
दोनशिक्षकी यांचं दुखणं खरं आहे. तरी एक वेगळं उदाहरण देतो. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय खेड्यापाड्यांतल्या बऱ्याच माध्यमिक शाळांत गेला. आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात: वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, मातीपरीक्षण, स्वयंपाक आणि आरोग्य. शिकवायला गावातलाच वेल्डर किंवा वायरमन येतो, त्यामुळे पूर्णवेळ शिक्षक नसल्याने अडत नाही.

यातली एक गोष्ट मला फार पटते. मुलगी असो वा मुलगा, सगळ्यांना सगळ्या विभागांतून जावंच लागतं. वेल्डिंगचा चष्मा मुलींनीही लावायचा, भाकरी मुलांनीही थापायची. आपल्याला काय जमतं हे पोरांना त्यानंतर कळतं. आधी सक्ती आणि मग निवड, हा क्रम मला योग्य वाटतो.

खडूवाली:
रानवाट, हा क्रम मलाही मान्य आहे. गणितावर मात्र मी हटणार नाही, ते दहावीपर्यंत सगळ्यांना हवं.

पाटीपेन्सिल:
गणिताला मी हात लावतच नाहीये. माझी मागणी एवढीच आहे. आठवीच्या सुरुवातीला महिनाभर मुलांना हिंदी आणि संस्कृत दोन्हींच्या तासांना बसू द्या. फॉर्म त्यानंतर भरून घ्या, आणि पालकांच्या सहीशेजारी मुलाचीही सही घ्या. पहिल्या सत्रानंतर एकदा बदलायची मुभा ठेवा. ज्या शाळेत दोन्ही भाषांचे शिक्षक आहेत तिथे याला एक रुपयाही जास्त लागत नाही. येत्या पालकसभेत मी हे लेखी देणार आहे. इथे कुणाच्या शाळेत असं होत असेल तर वेळापत्रक कसं बसवलं ते सांगा, सोबत जोडता येईल.

दोनशिक्षकी:
द्या जरूर. त्याच अर्जात रिक्त पदं भरायची मागणीही घाला, सही करायला मीही येतो.