अनुभव धागा : काटा लाल रेषेवर आल्यावर ट्रक आणखी किती धावतो?

डिझेलचा काटा लाल रेषेला टेकल्यावर गाडी आणखी किती किलोमीटर जाईल, या प्रश्नाला ठाणे आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात जितक्या चहाच्या टपऱ्या तितकी उत्तरे मिळतात. न्हावा-शेवा बंदरातून कंटेनर घेऊन कळंबोली, तळोजा किंवा भिवंडीकडे निघणाऱ्या गाड्यांशी ज्यांचा रोजचा संबंध आहे, अशा चालक, मालक, मिस्त्री आणि पंपावरील मंडळींनी आपले अनुभव येथे लिहावेत. विनंती एवढीच की, आकडा देताना गाडी भरलेली होती की रिकामी आणि पुढे चढ होता की सपाट रस्ता, हेही नमूद करावे. त्यावाचून आकड्याला अर्थ नाही.

कळंबोलीतील गाडीमालक

आमचे ट्रेलर लोखंड बाजारातील माल वाहतात. भरलेला ट्रेलर सपाट रस्त्यावर लिटरला ३ किलोमीटरच्या आसपास देतो, रिकामा ५ पर्यंत जातो. काटा लाल रेषेवर येऊन कमी डिझेलचा दिवा लागला तेव्हा टाकीत ३० लिटर आहे असे धरले, तर कागदावर भरलेल्या गाडीचे ९० आणि रिकामीचे १५० किलोमीटर होतात. मी चालकांना त्याच्या निम्मेच सांगतो, कारण तळाचे काही लिटर टाकीतून डिझेल ओढणाऱ्या शोषनळीच्या तोंडाला लागतच नाहीत. आमच्या धंद्यात कमी डिझेलवर गाडी काढण्याची सवय लागली तिला करही कारणीभूत होता. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या हद्दीत डिझेलवरील मूल्यवर्धित कर २४ टक्के होता आणि उर्वरित राज्यात २१ टक्के, त्यामुळे ‘हद्द ओलांडून भरा’ हा बहुतेक मालकांचा हुकूम असे. जुलै २०२४ मध्ये इथलाही दर २१ टक्क्यांवर आला, हुकूम मात्र अनेक ठिकाणी तसाच राहिला.

ठाण्यातील निवृत्त यंत्र अभियंता

वरील हिशोबात घाट धरलेला नाही. खोपोलीहून खंडाळ्याला जाताना ४० टनांची गाडी सुमारे ५५० मीटर उंची चढते आणि केवळ तेवढे वजन वर नेण्यासाठी सुमारे २१६ मेगाज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल असतात. त्यांपैकी ४० टक्के चाकांपर्यंत पोहोचतात असे उदारपणे मानले, तरी १५ लिटर निव्वळ उंचीवर खर्च होतात. टायरचे घर्षण आणि हवेचा रोध यांचा खर्च निराळाच. कळंबोलीला दिवा लागलेला भरलेला ट्रेलर खोपोलीपर्यंत सुखाने जाईल आणि बोरघाटात बसेल.

तुर्भे येथील डिझेल मिस्त्री

दोन्ही हिशोब मला मान्य आहेत, परंतु टाकी पूर्ण कोरडी होण्याच्या आधीच गाडी बंद पडते. टाकी लांब आणि उथळ असते. मुंब्रा बाह्यवळणासारख्या वळणा-चढावर तळाचे डिझेल एका बाजूला धावते, नळीचे तोंड उघडे पडते आणि गाडी एअर घेते, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरते. अशा वेळी पाच लिटरचा डबा ओतून भागत नाही, कारण तेवढे डिझेल तळाशी पसरून जाते. वीस-पंचवीस लिटर टाकावे, मग फिल्टरवरील ब्लीडिंग स्क्रू (हवा बाहेर काढण्याचा स्क्रू) दोन आटे सैल करून हातपंप मारत राहावे. आधी नुसती फुसफुस होते, मग पांढरट फेस येतो, फेसाचे बुडबुडे विरळ होत जातात आणि सलग धार लागली की पंप न सोडता स्क्रू आवळावा. (‘डिझेल टाका, सेल्फ मारा, होईल चालू’ असा सल्ला देणाऱ्याने बॅटरीचे पैसेही द्यावेत.) जुन्या गाड्यांत इंजेक्टरची, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाची, नळी सैल करूनही एअर काढत. कॉमन रेलच्या, म्हणजे सर्व इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून प्रचंड दाबाने डिझेल पुरवणाऱ्या, गाडीत त्या नळीला हात लावू नये, कारण तेथे दाब १,५०० बारच्याही वर जातो आणि ती धार कातडीत घुसते. शिवाय कॉमन रेलच्या अनेक पंपांना वंगण डिझेलचेच असते. असा पंप कोरडा फिरला तर त्याचे बारीक कण पुढे इंजेक्टरमध्ये जातात आणि खर्च लाखाच्या घरात पोहोचतो.

उरणचे कंटेनर चालक

किलोमीटरचे सगळ्यांनी लिहिले, उभ्या गाडीचे कोणीच लिहिले नाही. बंदराच्या रांगेत इंजिन चालू ठेवले तर ताशी दोन-तीन लिटर जातात आणि गाडी जागची हलत नाही. काट्यावर माझा भरवसा नाही, कारण रस्त्याच्या कडेला कललेल्या गाडीत तो वाटेल ते दाखवतो. सपाट जागा बघून मी टाकीत स्वच्छ लाकडी पट्टी उभी घालतो आणि ओल किती बोटे आली ते पाहतो. चार बोटांच्या खाली मी घाटाला गाडी लावत नाही. पण डिझेलच्या कार्डावर पैसे मागील फेरीची पोच (माल पोहोचल्याची पावती) कार्यालयात गेल्यावरच जमा होतात, तोवर पट्टी काय सांगते याला कोण विचारतो?

घोडबंदर रस्त्यावरील पंपाचे कर्मचारी

बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या मानकाच्या) गाड्यांच्या चालकांनी डीईएफचा, म्हणजे धुरातील प्रदूषण कमी करणाऱ्या युरियाच्या द्रावणाचा, काटा वेगळा पाहावा. ती टाकी रिकामी झाली की डिझेल भरपूर असूनही इंजिनाची ताकद आपोआप कमी होते, आणि गायमुखच्या चढावर अशी गाडी रांगू लागते.

महापे येथील वाहतूक कार्यालयातील समन्वयक

आमच्या कार्यालयातील संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक गाडीच्या टाकीतील लिटर दिसतात, पण घाटात तो आलेख इतका वरखाली होतो की दहा लिटरचा फरक मी गृहीतच धरत नाही. मिस्त्रीदादा, डिझेल कमी असेल तर उतारावर न्यूट्रल करून बचत होते, असे काही चालक सांगतात. ते खरे आहे का?

तुर्भे येथील डिझेल मिस्त्री

ताई, नव्या इंजिनात उलट होते. गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की इंजेक्टर डिझेल देणे थांबवतात, तर न्यूट्रलमध्ये इंजिन फिरते ठेवण्यासाठी डिझेल जातच राहते. त्यात इंजिन बंद पडले, तर ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, स्टिअरिंग जड होते आणि हवेचा दाब फार उतरला की त्या दाबानेच मोकळे राहणारे मागचे स्प्रिंग ब्रेक आपोआप आवळले जाऊन गाडी भर उतारात उभी राहते. तुमच्या पडद्यावर टाकी पाव दिसली की मागील फेरीच्या पोचेची वाट न पाहता कार्डावर पैसे सोडा, म्हणजे चालकाला न्यूट्रलचा विचारच करावा लागणार नाही.