अनुभव धागा: इंदूरचा उजेड आणि रोज एक फोटो

धागाकर्ता

मंडळी, वर्षभर रोज एक फोटो काढत छायाचित्रण शिकणारे आपल्या इंदुरात बरेच आहेत. त्यांनी इथे लिहावं म्हणून हा धागा. कौतुक, प्रेरणा वगैरे नंतर बघू. कॅमेऱ्यावर नेमकं काय लावायचं, कुठे फसतं आणि का फसतं एवढंच लिहा. मोबाइलवाल्यांनीही लिहावं.

सुरुवात मी करून देतो. हा उपक्रम मधेच बंद पडतो तेव्हा कारण बहुधा एकच असतं: उद्या काय तपासायचं ते आज ठरलेलं नसतं. 'छान दिसलं तर काढू' म्हणणाऱ्याचे पहिल्या पंधरवड्यात चहा, मांजर, सूर्यास्त आणि राजवाडा (होळकरांचा जुना वाडा) काढून होतात, मग हात थांबतो. म्हणून आठवड्याला एकच गोष्ट धरा. पहिल्या आठवड्यात फक्त शटर, म्हणजे उजेड किती वेळ आत येतो ते. मोड 'एस' किंवा 'टीव्ही' (शटर आपण ठरवायचं), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटो. छताचा पंखा, नळाची धार, वळणावरची रिक्षा, काहीही घ्या, पण तोच विषय १/१०००, १/२५०, १/६० आणि १/१५ सेकंद असा चारदा. घरात १/१००० ला फोटो दाणेदार येईल, कारण कॅमेरा आयएसओ चढवून उजेडाची भरपाई करतो. तेही बघायचंच आहे. १/१५ ला रिक्षेबरोबर कॅमेरा फिरवत नेलात तर रिक्षा स्पष्ट आणि मागची दुकानं ओढल्यासारखी येतील. बटण दाबल्यावर कॅमेरा थांबवू नका. बहुतेकांचं पॅनिंग (हे कॅमेरा फिरवणं) तिथेच बिघडतं.

तीन वाट्या

दुसऱ्या आठवड्याला ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र. एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान. पुस्तकातली आकृती पाहण्यापेक्षा ओट्यावर तीन स्टीलच्या वाट्या एकामागे एक, मधे १०-१० सेंटीमीटर अंतर ठेवून मांडा. किंचित तिरक्या रांगेत, म्हणजे तिन्ही दिसतील. एपीएस-सी (फुलफ्रेमहून लहान सेन्सरचा) कॅमेरा, ५० मिमी लेन्स, मधली वाटी लेन्सपासून १ मीटरवर. फोकस मधल्या वाटीच्या काठावर.

एफ १.८ ला स्पष्ट पट्टा जेमतेम ३ सेंटीमीटरचा, म्हणजे मधल्या वाटीचासुद्धा पुढचा काठ तेवढा धारदार. एफ ८ ला साधारण १२-१३ सेंटीमीटर, दोन्ही बाजूच्या वाट्या अजून मऊच. एफ १६ ला पट्टा २५ सेंटीमीटरपर्यंत जातो आणि तिन्ही वाट्या येतात. पण एफ १६ चा फोटो मोठा करून पाहा, मधली वाटी एफ ८ पेक्षा किंचित मऊ दिसेल. छिद्र फार लहान झालं की प्रकाश कडेला वळून पसरतो. एपीएस-सीवर एफ ११ च्या पुढे विनाकारण जाऊ नये ते यासाठी.

तिपाई नसेल तर डब्यावर कॅमेरा ठेवून दोन सेकंदांचा टायमर लावा. हातात धरून हा प्रयोग निरर्थक आहे. तीन सेंटीमीटरचा पट्टा श्वासागणिक सरकतो.

मध्यान्ह

इंदूरचा उजेड इतर शहरांच्या वेळापत्रकाने चालत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो.

आपण २२.७ अंश अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या थोडे खाली. त्यामुळे जूनच्या आणि जुलैच्याही पहिल्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो. मध्यान्हीला सूर्य अगदी डोक्यावर. आणि ही मध्यान्ह बाराला नसते. प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, इंदूर ७५.९ वर, अंशाला ४ मिनिटं, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या साधारण २६-२७ मिनिटं मागे. त्या दिवसांत साडेअकरा ते दीड माणसांचे फोटो उघड्यावर काढूच नका. भुवयांच्या सावलीत डोळे जातात आणि नाक पांढरं पडतं. माणसाला ओसरीत किंवा दुकानाच्या छपराखाली कडेपासून पाऊलभर आत उभं करा, तोंड रस्त्याकडे. रस्त्यावरून परतलेला उजेड खालून चेहरा भरतो.

डिसेंबरात उलट. २१ डिसेंबरच्या आसपास भर मध्यान्हीलाही सूर्य ४४ अंशांवरच असतो, म्हणजे खांबाची सावली जवळपास खांबाएवढी लांब. नक्षी, जाळ्या, उखडलेला गिलावा यांचा पोत दिवसभर मिळतो. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. लाकडी मजल्यांची खोदाई काढायची तर हिवाळाच. उन्हाळ्याच्या दुपारी छज्जांच्या सावल्या सरळ खाली पडून सगळं चपटं आणि काळं होतं. आकाश चौकटीत जास्त आलं तर कॅमेरा लाकूड आणखी काळं करतो. आकाश कमी करा, किंवा एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +०.७ करा आणि आकाश पांढरं जाईल ते मान्य करा. इमारत मागे कललेली दिसते ती कॅमेरा वर उचलल्यामुळे. समोरच्या बागेपर्यंत मागे या, कॅमेरा सरळ धरा, खालची जास्तीची फरशी नंतर कापा.

वेळा: जूनअखेर सूर्योदय पावणेसहाच्या सुमारास, सूर्यास्त सव्वासातला. डिसेंबरअखेर सातच्या पुढे उगवतो, सहाच्या आत मावळतो. नोकरीवाल्यांनी डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळचा फोटो धरूच नये. ऑफिसातून निघेपर्यंत अंधार झालेला असतो. सकाळचा धरा.

मोबाइलच बरा

कॅमेऱ्यासाठी थांबू नका. पण मोबाइलने काढणार असाल तर चार सवयी.

काच पुसा. खिशातल्या तेलकट थरामुळे दिव्यांना ओढलेल्या रेघा येतात आणि सगळा फोटो धुवट दिसतो. सुती रुमालाचा स्वच्छ कोपरा पुरे. बोटांनी झूम करू नका. दिलेल्या लेन्सच्या आकड्यांवरच राहा, मधले आकडे बहुधा नुसती कापाकापी असते. विषयावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात. मग बाजूची सूर्याची खूण खाली ओढून उजेड कमी करा. ऑटोवरचा मोबाइल सावल्या इतक्या उजळतो की सकाळ आणि दुपार सारखीच दिसते. आणि पोर्ट्रेट मोड या वर्षापुरता विसरा. त्यातला धूसरपणा गणिताने केलेला असतो, चष्म्याच्या काड्या आणि कानामागचे केस चुकतात, आणि जवळचं स्पष्ट, लांबचं धूसर हे लेन्स कसं करते ते कळत नाही.

रात्रपाळी

सराफ्यावर (इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार) कुणीतरी लिहिणारच होतं. दागिन्यांची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे खाऊचे ठेले लागतात, आणि प्रत्येक ठेल्याचा दिवा वेगळा. इथे तीन अडचणी एकदम येतात.

पहिली, पट्टे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला कळत नाही, १/१००० च्या शटरला कळतं आणि फोटोत आडवे काळपट पट्टे येतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, म्हणजे प्रत्येक ओळीला पूर्ण चक्राचा उजेड मिळतो. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा, पट्ट्यांचा त्रास त्यात सर्वांत जास्त. मोबाइलमधे प्रो मोडला हेच आकडे. झगमगत्या नावफलकांचं लुकलुकणं याहून वेगळ्या गतीचं असतं, तिथे हा उपाय चालेलच असं नाही. फलक चौकटीबाहेर ठेवा.

दुसरी, रंग. एका बाजूला पिवळा दिवा २७००-३००० केल्विनचा, दुसऱ्या बाजूला पांढरा ६५०० चा. ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरं दिसावं यासाठीची रंगजुळणी) मधेच कुठेतरी थांबतो आणि जिलेबी हिरवट दिसते. ज्या दिव्याचा उजेड खाण्यावर पडतोय त्याला बॅलन्स लावा, बाकीच्या कोपऱ्यांचा रंग बिघडू दे. रॉमधे (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधे) काढलंत तर हे घरीही करता येतं.

तिसरी, हालचाल. दहीवड्याचा द्रोण हवेत उडतो तो गोठवायला १/५०० लागतं, आणि तिथे पट्टे परत येतात. यावर तोडगा वेळेचा आहे. द्रोण सर्वांत वर पोचतो तेव्हा क्षणभर थांबलेला असतो, तिथे १/१०० पुरतं. एकदा उडवताना नुसतं बघा, लय पकडा, दुसऱ्यांदा टोकाच्या किंचित आधी बटण दाबा. ठेल्याच्या दिव्याखाली एफ २.८, १/१००, आयएसओ ८०० ते १६०० हा सुरुवातीचा आकडा. गल्लीच्या मधोमध दोन स्टॉप कमी, म्हणजे चौथा हिस्सा उजेड असतो.

कढईच्या फार जवळ जाऊ नका. तेलाची वाफ काचेवर बसते आणि कोरड्या कापडाने पसरते. तिथे लेन्स क्लीनरचा थेंब लागतो, तोही कापडावर, काचेवर नाही. आणि कामात असलेल्या माणसाला आधी विचारा, 'भिया, एक फोटो काढू?' एवढं पुरतं. नाही म्हणाला तर कढईचा काढा.

पोहे-जलेबी

वर कढई निघालीच आहे म्हणून. वाफ समोरच्या उजेडात दिसत नाही. खिडकी बशीच्या मागे किंवा बाजूला हवी आणि पार्श्वभूमी गडद. पोह्यांची वाफ दोन-तीन मिनिटांत जाते, म्हणून चौकट आणि फोकस रिकाम्या बशीवर आधी ठरवा, पोहे शेवटी वाढा. शेव आणि जिरावण (इंदुरी मसाला) फोटोच्या अगदी आधी, नाहीतर शेव मऊ पडून चमक जाते. पांढऱ्या बशीमुळे कॅमेरा फोटो काळपट करतो, कारण तो समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून मोजतो. +०.७ ते +१ द्या. सावलीच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करा.

धाग्यातला विरोधक

मंडळी, तंत्र छान चाललंय, पण 'रोज' या शब्दावर माझा आक्षेप आहे. रोज पन्नास काढून त्यातला एक नेटवर टाकणं म्हणजे शिकणं नव्हे. शिकणं निवडताना होतं. रविवारी सातही फोटो शेजारी शेजारी ठेवा, एक ठेवा, बाकी सहा का नाहीत ते प्रत्येकी एका ओळीत लिहा: 'कडेला हात कापला', 'उजेड मागून', 'फोकस कानावर'. महिन्याने त्या ओळी वाचा. तीच तक्रार चौथ्यांदा आली की पुढच्या महिन्याचा धडा तोच.

आणि दिवसाला तीनच क्लिक, ही अट घालून बघा. लाला दीनदयाळ १८७० च्या दशकात इंदुरात बांधकाम खात्यात नोकरीला असताना छायाचित्रणाकडे वळले. त्या जमान्यातल्या ओल्या काचपट्टीला लेप दिल्यापासून ती धुवून होईपर्यंतचं काम लेप वाळायच्या आत उरकावं लागे, दहा-पंधरा मिनिटांत. पट्टी हातात घ्यायच्या आधी चौकट ठरलेली असायची.

धागाकर्ता

विरोधकांना: तीन क्लिकची अट दुसऱ्या महिन्यापासून. शटरच्या आठवड्यात चार आकड्यांचे चार फोटो लागतातच. रविवारच्या ओळी मात्र पहिल्या दिवसापासून, मान्य.

गेरवाले

रंगपंचमीच्या गेरमधे (रंगांच्या मिरवणुकीत) कॅमेरा न्यायचा तर घरूनच लेन्स लावून निघा, तिथे बदलू नका. पारदर्शक पिशवीत कॅमेरा, लेन्सच्या तोंडाशी भोक पाडून रबर बँड, पुढे यूव्ही फिल्टर. झूम लेन्स टाळा. नळी आत-बाहेर होताना हवा ओढते आणि हवेबरोबर गुलाल. ५० किंवा ३५ ची स्थिर लेन्स बरी. टँकरच्या फवाऱ्यात ओला झालेला गुलाल पुसू नका, वाळू द्या, मग ब्लोअर, मग ब्रश, कापड शेवटी. आधी कापड लावलंत तर कण काचेवर घासले जातात.

फोकस शोधायला गर्दीत वेळ नसतो. फुलफ्रेमवर ३५ मिमी, एफ ८, हाताने फोकस ३ मीटरवर लावून ठेवा. साधारण २ ते ७ मीटरमधलं सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं.

पावसाळी

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत लेन्सवर बुरशीचा धोका. बॅगेत ठेवू नका, कापड ओल धरतं. घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा, १०० ग्रॅम सिलिका जेल, आत छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. ६० च्या वर राहिला तर जेल बदला. केशरी दाणे हिरवे झाले की ओव्हनमधे १२० अंशांवर तास-दोन तास. निळे दाणे घेऊ नका, त्यांत कोबाल्ट असतं. एसीतून बाहेर पडताना कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद ठेवा, अर्ध्या तासाने उघडा. नाहीतर काचेवर दव धरतं.

हिशेबनीस

कॅमेऱ्याचं घड्याळ आज तपासा. तारीख चुकली तर वर्षाचा क्रम कोलमडतो. २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल २५-३० एमबी. दिवसाला २० ठेवल्यात तर वर्षाला २०० जीबी, एकच ठेवलीत तर १० च्या आसपास. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस असंच, म्हणजे क्रम आपोआप लागतो. दोन वेगळ्या डिस्क आणि एक प्रत घराबाहेर. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो बारीक होतो आणि त्यातली तारीखही जाते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून.

नवशिका

घरात जुनी १८-५५ ची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर मिळणारी झूम) आहे. त्यावर हे सगळं होईल का, की ५० घ्यावी?

तीन वाट्या

होईल. वाट्यांच्या प्रयोगात एफ १.८ तेवढं मिळणार नाही, ५५ वर एफ ५.६ पासून सुरू करा. बाकी झूम रिंग ३५ च्या खुणेवर आणून कागदी मास्किंग टेपने बांधून टाका आणि महिनाभर पायांनी पुढे-मागे व्हा. सेलोटेप नको, उन्हात तिचा डिंक रिंगवर उतरतो. पुढच्या महिन्यात टेप २४ वर. ५० चा विचार त्यानंतर करा.