मदत हवी आहे: पावसाळा आणि दुखरे सांधे, गोल्फच्या क्लबला (काठीला) ग्रिप, म्हणजे मुठीचं आवरण, कोणतं?

नमस्कार मंडळी. माझ्या आयर्नच्या (धातूचं चपटं डोकं असलेल्या क्लबच्या) रबरी ग्रिप कडक आणि गुळगुळीत झाल्यात, बदलायच्याच आहेत. मी पुण्यात खेळतो. जूनपासून हात सतत ओलसर असतात, मग क्लब घट्ट आवळला जातो, मनगटं आखडतात आणि चेंडू उजवीकडे जातो.

ओल्या हातांसाठी सुती धागे घातलेली कॉर्ड ग्रिप सगळ्यात खात्रीची, पण ती खरखरीत, आणि माझ्या बोटांचे सांधे दुखतात. गोल्फ प्राइड कंपनीच्या एमसीसी (मल्टीकंपाउंड) ग्रिपमध्ये वरच्या हाताखाली कॉर्ड आणि खालच्या हाताखाली मऊ रबर असतं. सांधेदुखी असलेल्या कुणी ती वापरली आहे का?

दुसरं, जाडी. मिडसाइज ग्रिप स्टँडर्डपेक्षा साधारण १/१६ इंच जास्त जाड असते. त्याऐवजी स्टँडर्ड ग्रिपखाली टेपचे जादा थर द्यावेत, असं मला वाटतं. हवी तेवढीच जाडी वाढवता येते. पण जाड ग्रिपने मनगटं कमी वळतात म्हणे. मग चेंडू आणखी उजवीकडे जाईल का? याचीच खरी धास्ती आहे. माझ्या शाफ्टच्या (क्लबच्या दांडीच्या) वरच्या टोकाचा व्यास ०.६०० इंच, ग्लोव्ह मीडियम-लार्ज. अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.