बाबागाडी जुनी चालेल, कार सीट नवीच हवी: पटतंय का?

अनुस्वार

सातवा महिना संपत आलाय. पहिलंच बाळ, त्यामुळे खरेदीची यादी रोज वाढते आहे. बाकी सगळं जमेल, पण दोन मोठ्या वस्तूंपाशी घोडं अडलंय: बाबागाडी आणि कार सीट. दोन्हींसाठी मिळून एकच रक्कम बाजूला काढली आहे आणि ती वाढणार नाही.

घरात तीन पक्ष पडलेत. नवऱ्याला जोडसंच हवाय, दुकानदार ज्याला ट्रॅव्हल सिस्टिम म्हणतात तो. बाळाची सीट कारमधून उचलायची आणि तशीच बाबागाडीच्या सांगाड्यावर खट्‌कन बसवायची. सगळी रक्कम त्यातच संपेल. सासूबाईंचं म्हणणं, नणंदेची सीट माळ्यावर पडून आहे, ती फुकटच मिळते तर घ्या, आणि बाबागाडी चांगल्यातली आणा. मला वाटतं, सीट नवी आणि नीट पारखून घ्यावी, बाबागाडी मात्र कुणाची तरी वापरलेली. रस्त्यात बाबागाडीचं चाक निखळलं तर बाळाला कडेवर घेऊन घरी येता येतं. सीटच्या बाबतीत चूक कळायची वेळच वाईट असते.

एक मान्य करते: कारने आठवड्यातून दोनदाच जाणं होईल, पायी मात्र रोज. त्यामुळे नवऱ्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. तुम्ही काय केलंत?

दोनपोरांची_आई

नवऱ्याचं ऐका! पहिल्याच्या वेळी सुट्या वस्तू घेतल्या, दुसऱ्याच्या वेळी जोडसंच. पोर कारमध्ये नुकतं डोळा लागून झोपलेलं असतं. त्याचे पट्टे सोडवायचे, मान सावरत उचलायचं, बाबागाडीत ठेवायचं, पुन्हा पट्टे. एवढ्यात ते टक्क जागं. संचात हे सगळं टळतं. पैसे वाचवून झोप घालवण्यात काय अर्थ आहे?

हिशेबी

असहमत. संचातली ती उचलायची सीट पुरते किती दिवस, ते कुणी सांगत नाही. कागदावर १३ किलो लिहिलेलं असतं, पण वजनाआधी उंची संपते. डोक्याचा वरचा भाग सीटच्या कडेपासून अडीच सेंटिमीटरवर आला की बहुतेक सीटा बाद धरायच्या असतात. साधारण वर्षभरात तिथे पोहोचतो आपण. मग दुसरी सीट घ्यावीच लागते. म्हणजे रक्कम एकदा नाही, दोनदा मोजायची.

शिवाय रिकामी सीटच तीन-चार किलोची. त्यात सहा किलोचं बाळ घालून जिना चढून बघा, कोपर बोलायला लागतं.

आणि ज्या सोयीचं कौतुक चाललंय तीच मला खटकते. तान्ह्या बाळाला मान धरता येत नाही. अर्धवट बसत्या स्थितीत हनुवटी छातीवर टेकली की श्वासाची वाट अरुंद होते. म्हणून अशा सीटमध्ये बाळाला तासन्‌तास झोपवू नये असं सांगतात, दोन तास म्हणजे डोक्यावरून पाणी. संच हाताशी असला की नेमकं तेच होतं: कारमधून सांगाड्यावर, सांगाड्यावरून घरात, आणि 'झोपलंय ना, राहू दे'.

दोनपोरांची_आई

अहो, अर्ध्या तासाच्या कामाला मी तासन्‌तास म्हटलं नाही. घरी आल्यावर काढून सपाट गादीवर ठेवायचं हे आम्हालाही कळतं. आणि वर्षभर जर उपयोग झाला तर तो उपयोगच ना? बाळाचे कपडे दोन महिन्यांत लहान होतात, म्हणून कुणी घ्यायचे सोडतं का?

साधासरळ

सगळे रागावणार हे माहीत असून लिहितो. आम्ही भावंडं आईच्या मांडीवर बसून प्रवास करत मोठी झालो. आठवड्यातून दोनदा, तेही गर्दीतून हळूहळू जायचं, त्यासाठी एवढा खटाटोप? आईच्या हातांइतकं घट्ट कोण धरणार?

हिशेबी

रागावत नाही, गणित मांडतो. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. धडकेत गाडी सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली असं धरू. सहा किलोचं बाळ तेवढ्यात थांबवायला जो जोर लागतो, तो ८० किलोचं वजन उचलून धरण्याच्या जोराच्या थोडा वरच जातो. तुमचा वेग ताशी ३० धरला तरी ५० किलो. आणि इथे आईला आधी कल्पना नसते, ती स्वतःही पुढे फेकली जात असते. माया कितीही असली तरी मनगट तेच.

उलट्या तोंडाची सीट, म्हणजे बाळाची पाठ गाडीच्या पुढच्या दिशेला, हा जोर मानेवर न घेता सबंध पाठीवर पसरवते. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने फार मोठं असतं, लांबीचा जवळपास चौथा हिस्सा, आणि मान अजून कोवळी. अवांतर: १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन या संशोधकाला ही कल्पना सुचली ती अंतराळवीरांकडे पाहून. उड्डाणाच्या वेळी ते पाठीवर रेलून बसतात, जोर सगळा पाठीवर.

साधासरळ

५० किलोचं गणित करून पाहिलं. बरोबर आहे. मांडीचा मुद्दा मागे घेतो. पण मग सासूबाईंचं काय चुकलं? फुकटची सीट आहे, तिच्यातही पाठ उलटीच असणार.

जुनं_ते_सोनं

अगदी हेच म्हणायला आलो. 'कार सीटची मुदत संपते' हे ऐकून मला हसूच येतं. ते काय औषध आहे? प्लास्टिक माळ्यावर बसून बसून सडतं का? पहिलं बाळ येणार म्हटलं की आईबापांच्या मनात धास्ती असतेच, तिच्यावर सगळा बाजार उभा आहे. आमच्याकडे एकाच सीटमध्ये तीन मुलं वाढली.

किल्लीवाला

सीटा बसवून द्यायचं काम बरीच वर्षं केलंय, म्हणून थोडं लांब लिहितो.

जुनी सीट सरसकट वाईट नसते. ज्याची आहे तो माणूस माहितीतला हवा, गाडीला कधी अपघात झालेला नसावा आणि तारीख उलटलेली नसावी. तिन्ही असेल तर मी स्वतः घेईन. एक जरी नसलं तरी फुकटातही नको.

तारीख का, तर बंद गाडीत उन्हाने सीट तापते, रात्री गार होते, आणि हे वर्षानुवर्षं चालतं. त्याने प्लास्टिक ठिसूळ होत जातं. कंपन्या साधारण सहा ते दहा वर्षं देतात. सीट उलटी करून तळाशी बघा, तारीख कोरलेली किंवा चिकटवलेली असते. पट्टे धुण्याच्या मशिनमध्ये किंवा ब्लीच घालून धुतले असतील तर धागा कमजोर होतो, आणि तो वरून चकचकीतच दिसतो. धडकेनंतरची चीर आच्छादनाखाली असते. आच्छादन काढल्याशिवाय जुन्या सीटबद्दल मत देऊ नये. (तीन मुलं वाढवणाऱ्या साहेबांनी ते कधी काढलं होतं का?)

सीटवर नारिंगी शिक्का असेल तर तो वाचा. वर्तुळात इंग्रजी ई आणि शेजारी आकडा, म्हणजे तिला युरोपीय नियमांनुसार मान्यता आहे. आर ४४ हा जुना नियम बहुतांशी वजनावर चालतो. आर १२९ हा २०१३ पासूनचा, त्यात सीट उंचीवरून ठरते, बाजूने बसणाऱ्या धडकेची चाचणी असते आणि १५ महिने पूर्ण होईपर्यंत उलटं बसवणं सक्तीचं आहे. आर ४४ दिसली म्हणून लगेच फेकू नका. पण नवी घेत असाल तर आर १२९ घ्या.

महागड्या सीटा चुकीच्या बसवलेल्या मी इतक्या पाहिल्यात की किमतीवरून आता काही वाटत नाही. बसवून झाली की पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकली तर पुन्हा बसवा. आयसोफिक्सच्या खुंट्या (बेल्टऐवजी गाडीतल्या पक्क्या कड्यांत सीट थेट अडकवायच्या) असल्या तर हे काम सोपं होतं, चूक कमी होते. पण गाडीच्या बेल्टने नीट आवळलेली सीट कमअस्सल नसते, तेव्हा फक्त त्या खुंट्यांसाठी जादा पैसे मोजायची गरज नाही. आणि पुढे एअरबॅग चालू असेल तर उलट्या तोंडाची सीट त्या जागी कधीही नाही. एअरबॅग उघडते ती थेट सीटच्या पाठीवर आदळते, आणि त्या पाठीला लागूनच बाळाचं डोकं असतं.

जुनं_ते_सोनं

आच्छादन काढलं नव्हतं, कबूल. पण धास्तीचा बाजार हा शब्द मी मागे घेत नाही.

पायवाट

कुणी बाबागाडीबद्दल बोलेल का? माझं मत ऐकून धागाकर्तीचे पैसेच वाचतील: आत्ता घेऊच नका! पहिले काही महिने पुढे बांधायची झोळी पुरते. बाळ छातीशी, तोंड दिसेल असं, हनुवटी वर. दोन्ही हात मोकळे, जिने-पायऱ्यांची फिकीर नाही. सहा महिन्यांनी बाळ बसू लागलं की छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी घ्या. ती स्वस्तही असते.

दोनपोरांची_आई

पाठीला विचारा आधी. माझं पहिलं सिझेरियन. सहा आठवडे झोळीचं नावही काढू शकत नव्हते. बाबागाडी होती म्हणून घराबाहेर पडले, नाहीतर चार भिंतींत वेड लागलं असतं. कुणाची प्रसूती कशी होईल ते आधी सांगता येत नाही, तेव्हा सगळी भिस्त झोळीवर नको.

पायवाट

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग एकच बघा: पहिल्या सहा महिन्यांसाठी पाठ पूर्ण आडवी होणारी गाडी हवी. छत्रीगाड्यांतल्या बऱ्याचशा तशा होत नाहीत. अवांतर: ती छत्रीगाडी १९६५ मध्ये ओवेन मॅक्लरेन यांनी काढली. ते विमान अभियंता, स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलेले. नातवंडाची अवजड गाडी उचलून वैतागले आणि ॲल्युमिनियमची, तीन किलोच्या आतली गाडी बनवली.

हिशेबी

त्याच नावाच्या गाड्या २००९ मध्ये अमेरिकेत परत मागवल्या होत्या, सुमारे १० लाख. मिटायच्या सांध्यात मुलांची बोटं सापडत होती, काहींची टोकं तुटली. तेव्हा जुनी बाबागाडी घेताना सांधे झाकलेले आहेत का, हे रंगाआधी बघा. उघडल्यावर लॉक पूर्ण बसतं का, ब्रेक लावून उतारावर ढकलली तर जागची हलते का, पाच टोकांचा पट्टा शाबूत आहे का. आणि मुठींना जड पिशव्या अडकवणाऱ्यांनो, बाळ उचललं की गाडी मागे कोलमडते. बाळ आत असतानाही कोलमडते, हे मी पाहिलंय.

अनुस्वार

सगळ्यांचे आभार. काल नणंदेकडे जाऊन आलो. सीट माळ्यावरून काढली, पुसली, छान दिसत होती. सासूबाई म्हणाल्या, 'बघ, नवीच तर आहे.' मग किल्लीवालादादांनी सांगितलं तसं आच्छादन काढलं. ते निघता निघेना, एक हूक तर नखाने उपटावा लागला. खाली फोम एका कोपऱ्यात दबलेला, आणि तळाला तारीख: अकरा वर्षांपूर्वीची. नणंदेला सहज विचारलं, गाडीला कधी काही झालं होतं का? ती म्हणाली, 'एकदा मागून एकाने ठोकलं होतं, पण सीटला काही झालं नाही, बाळ तेव्हा घरीच होतं.' सासूबाई काही बोलल्या नाहीत. सीट पुन्हा माळ्यावर गेली नाही, पट्टे कापून भंगारात गेली, एवढं मात्र झालं.

नवऱ्याचा जोडसंच दुकानातून मागून घेऊन कारमध्ये बसवून पाहिला. सीट छान बसली. सांगाडा मिटवून डिकीत ठेवला तर झाकण लागेना. चाकं काढली की लागतं. दरवेळी चाकं काढायची या कल्पनेवर नवरा स्वतःच हसला.

आता विचार आहे तो जन्मापासून चालणाऱ्या मोठ्या सीटचा: ४० ते १०५ सेंटिमीटर, बराच काळ उलटी ठेवता येते. पण ती मागे रेलवली की पुढच्या सीटवर नवऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. दोघांपैकी कुणी पुढे बसायचं, यावर वाटाघाटी चालू आहेत.

दोनपोरांची_आई

मोठ्या सीटमध्ये अडीच-तीन किलोचं बाळ हरवून जातं, हे आधी तपासा. उलट्या सीटमध्ये पट्टे बाळाच्या खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून यायला हवेत. सगळ्यात खालची खाच किती उंचीवर आहे ते मोजा. नवजात बाळासाठीची आतली गादी कंपनीचीच हवी, बाहेरची उशी खोचू नका. संच नको म्हणालात तरी मी रुसले नाहीये.

किल्लीवाला

+१. आणि पट्टा आवळल्यावर खांद्यापाशी त्याची चिमूट धरून बघा. चिमटीत आला तर सैल आहे. थंडीत जाड जॅकेट घालून बांधू नका, जॅकेट दबतं आणि पट्टा तेवढा सैल होतो. आधी बांधा, मग वरून पांघरूण घाला.

कुणीतरी मागेच बसा, बाळाशेजारी. गुडघ्यांचा प्रश्न मिटेल.

अनुस्वार

खालची खाच मोजली, २१ सेंटिमीटर. भाचीची बाहुली बसवून पाहिली तर पट्टे तिच्या कानांपाशी येत होते, पण बाहुली फारच बुटकी आहे. आतली गादी घातल्यावर पट्टे खांद्यापर्यंत आले. चिमूट तिसऱ्या प्रयत्नात सुटली. बाबागाडी शेजारणीची मिळते आहे, पाठ पूर्ण आडवी होते, ब्रेक ठीक, एक चाक कुरकुरतं.

आणि मागे मी बसणार आहे. नवऱ्याने लगेच मान्य केलं, जरा जास्तच लगेच.