पश्चिमेच्या दर्शनी बाजूला जाळी, वेल की क्लॅडिंग? (पुणे, तळमजला + २)

पश्चिमदार
पुण्यात घराचं काम चालू आहे. आरसीसी सांगाडा, १५० मिमी एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकच्या भिंती, बाहेरचा गिलावा झालाय, रंग बाकी आहे. दर्शनी बाजू नेमकी पश्चिमेला, रुंदी ४.२ मीटर. दोन्ही वरच्या मजल्यांना तेवढ्याच रुंदीची, १.२ मीटर बाहेर आलेली बाल्कनी आहे. तिच्या मागे १.८ × १.२ मीटरची खिडकी. सर्वांत वरच्या खिडकीवर फक्त दोन फुटांचा छज्जा आहे.

डिझायनरने तीन पर्याय दिलेत. पहिला, लाकडी छटेची एसीपी (ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये गाभा असलेलं क्लॅडिंग, म्हणजे भिंतीवरचं बाहेरचं आवरण) आणि गडद काच. दुसरा, बाल्कनीच्या कठड्यावर टेराकोटाची जाळी. तिसरा, भिंतीला चिकटून छोट्या कुंड्यांचं व्हर्टिकल गार्डन. ऊन अडलं पाहिजे पण खोली अंधारी नको. पावसाचं पाणी आणि वजन यांचाही अंदाज हवा. रात्री दर्शनी भागावर मंद दिवे लावायचे आहेत. यातलं काय टिकेल?

छायामापक
आधी सूर्य कुठे असतो ते मोजू, म्हणजे निम्मं उत्तर मिळेल. मेच्या मध्यात पुण्यात दुपारी साडेचारला सूर्य क्षितिजापासून साधारण ३४ अंशांवर असतो, साडेपाचला २० अंशांवर. दोन फुटी छज्जाची सावली साडेचारला सुमारे ४०० मिमी खाली उतरते. म्हणजे १२०० मिमी उंच खिडकीचा वरचा तिसरा हिस्साच झाकला जातो. साडेपाचला ती २२० मिमीवर येते. खालच्या मजल्यावर वरची बाल्कनी १.२ मीटर पुढे आहे खरी, पण साडेचारला तिची सावली ८०० मिमी उतरते आणि स्लॅबपासून खिडकीचा माथाच बहुधा ७५० मिमी खाली असेल. झाकली गेली दोन-तीन बोटं! दक्षिणेला आडवा छज्जा काम करतो, कारण डिसेंबरच्या माध्यान्हीसुद्धा इथे सूर्य ४८ अंशांवर असतो. पश्चिमेला आडव्या छज्जावर पैसे घालू नका, तिथे समोर उभा पडदाच हवा.

हा पडदा काचेच्या बाहेर हवा. त्या वेळी पश्चिमेच्या उभ्या पृष्ठभागावर चौरस मीटरला ६०० वॉटच्या घरात ऊन पडतं. तुमच्या खिडकीचं क्षेत्रफळ २.१६ चौ.मी. साधी काच असेल तर जवळजवळ एक किलोवॉट उष्णता आत येते, म्हणजे खोलीत इस्त्री चालू ठेवल्यासारखंच. आतून जाड पडदा लावला तरी ती काचेच्या अलीकडे आलेलीच असते. नुसती गडद काच उष्णता शोषते, स्वतः तापते आणि आत फेकते. उजेड मात्र कायमचा कमी होतो, पावसाळ्यात दुपारी दिवे लावावे लागतात. काच घेताना रंग बघू नका, दोन आकडे मागा. एसएचजीसी (उन्हातली किती उष्णता आत येते ते प्रमाण) ०.३ च्या आसपास आणि आत येणारा दृश्य प्रकाश ४५ टक्क्यांच्या पुढे.

पश्चिमेला तोंड असणं हा काही शाप नाही. मुंबईतली आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची कांचनजंगा इमारत (१९८३) पूर्व-पश्चिमच आहे, कारण समुद्राचा वारा त्याच दिशेचा. ऊन आणि पाऊस अडवायला कोरियांनी खोल्यांच्या बाहेर दुमजली उंचीचे व्हरांडे गुंडाळले. भिंत आणि ऊन यांच्यामध्ये सावलीतली हवा ठेवायची, हे तत्त्व. तुमच्याकडे ती १.२ मीटर जागा आयती आहे. पडदा बाल्कनीच्या बाहेरच्या रेषेवर घ्या, बाल्कनी सावलीतली पोकळी होईल. वरून-खालून हवा खेळती ठेवली की तापलेली हवा वर निघून जाते.

सांगाडा
वरचं सगळं मान्य, पण तो पडदा बाल्कनीच्या कठड्यावर लादू नका. हिशेब मांडतो.

घरगुती बाल्कनीला आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलो भार धरतात. १.२ मीटर कॅन्टिलिव्हरवर (एकाच बाजूने धरलेल्या, पुढे अधांतरी स्लॅबवर) हा भार सारखा पसरलेला असेल तर मुळाशी एका मीटर रुंदीला २१६ किलो-मीटर मोमेंट (वाकवणारा जोर, म्हणजे वजन गुणिले अंतर) येतो. आता जाळी बघा. २०० × २०० × ७५ मिमीचे नग, १० मिमी सांधा, म्हणजे चौरस मीटरला २३ नग. नग अडीच किलोचा धरला तर सिमेंटच्या मसाल्यासह ७० किलो. एका मजल्याची जाळी ४.२ × ३ मीटर, १२.६ चौ.मी., वजन ९०० किलोच्या आसपास. मीटरला २१४ किलो, तेही अगदी टोकाला. मोमेंट २५७. माणूस उभा राहण्याआधीच मर्यादा ओलांडली.

कुंड्यांचंही तेच. ४०० × ४०० मिमीची लांब कुंडी लाल मातीने भरून पाणी घातलं की मीटरला २८० किलो होते. टोकापासून २०० मिमी आत ठेवली तरी मोमेंट २८०. कोकोपीट, परलाइट, कंपोस्टच्या हलक्या मिश्रणाने वजन १६० वर येतं, तरीही माणसांसाठी फारसं उरत नाही. शिवाय कॅन्टिलिव्हरची मुख्य सळई वरच्या अंगाला असते. कुंडीखाली ओल मुरली की आधी तीच गंजते.

म्हणून पडद्याला जमिनीपासून स्वतःचे खांब द्या. दोन्ही टोकांना आणि मध्ये एक, चौकोनी स्टील पाइप, स्वतःचा पाया. प्रत्येक मजल्याला बीममध्ये आडवे धरून ठेवायचे. ते आडवे अँकर वजन पेलण्यासाठी नाहीत, वाऱ्यासाठी आहेत. पुण्यासाठी मूळ वेग ३९ मीटर प्रतिसेकंद, ०.६ × वेगाचा वर्ग म्हणजे चौरस मीटरला ९१३ न्यूटन, साधारण ९३ किलो. वेलीने भरलेली जाळी भिंतीसारखीच धरायची. एका मजल्याच्या पडद्यावर १,१७० किलो रेटा येतो, तोही दोन्ही दिशांना, ढकलणारा आणि ओढणारा. इतर गुणक धरून तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून अंतिम आकडा घ्या.

अँकरमध्ये सर्वांत जास्त चुका होतात. एम१२ केमिकल अँकरला (रसायनाने भोकात चिकटवलेल्या १२ मिमी बोल्टला) १४ मिमीचं भोक, काँक्रीटमध्ये ११० मिमी खोल. गिलाव्याचे २०-२५ मिमी यात धरायचे नाहीत, प्लेटखालचा गिलावा काढून टाकायचा. भोक फुंकायचं, ब्रशने घासायचं, पुन्हा फुंकायचं. धूळ राहिली तर केमिकल धुळीला चिकटतं, काँक्रीटला नाही, आणि बोल्ट हाताने फिरतो. एएसी ब्लॉकमध्ये हा अँकर लावूच नका, बीम शोधून त्यातच घ्या.

पश्चिमदार
हा हिशेब डिझायनरने दिलाच नव्हता, आभारी आहे. पायासाठी पुढे ७५० मिमीची पट्टी मोकळी आहे. मग त्या खांबांवर जाळी बसवू की वेल चढवू?

वेलमांडव
पायाला जागा आहे, म्हणजे जमिनीत मुळं जातील. मग वेलच घ्या. भिंतीवरच्या छोट्या कप्प्यांमध्ये लिटर-दोन लिटर माती असते. पश्चिमेच्या उन्हात ती एका दुपारीत वाळते. ठिबकची एक नळी तुंबली की त्या रांगेची रोपं दोन दिवसांत जळतात. त्यात ओली चौकट गिलाव्याला लागून असते, आत पोपडे धरतात आणि ते दिसतही नाहीत.

सिंगापूरचं ओएशिया हॉटेल डाउनटाउन (वोहा ही आर्किटेक्ट संस्था, २०१६) बघा. लाल ॲल्युमिनियमची जाळी आणि तिच्यावर वेगवेगळ्या जातींचे वेल. एक वेल रुसला तर शेजारचा जागा भरतो. तुम्हीही एकच जात लावू नका.

खांबांच्या चौकटीत ७५ × ७५ मिमीची गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेली) वेल्डमेश, म्हणजे वेल्ड केलेली तारेची जाळी, तार ३ मिमी. खड्डे ६०० मिमी लांब-रुंद-खोल, दीड मीटरवर एक, म्हणजे तुम्हाला तीन. फक्त खांबाच्या पायाच्या काँक्रीटवर येऊ देऊ नका. भरण दोन भाग लाल माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग कोकोपीट. मधल्या खड्ड्यात मधुमालती, कडांना थनबर्जिया आणि जाई. गच्चीवरच्या कुंडीतून पडदावेल खाली सोडली तर वरचा मजला लवकर झाकला जातो. बोगनवेल उन्हाला पक्की, पण तिला स्वतःहून चढता येत नाही, दर हातावर बांधावी लागते आणि काटे बाल्कनीत येतात. भिंतीला चिकटणारी फायकसची वेल नको. ती ओढून काढताना रंगासकट गिलावा सोलून काढते.

ठिबक प्रत्येक रोपाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर, सुरुवातीला रोज अर्धा तास. १२० मेशचा फिल्टर, तो पंधरा दिवसांनी धुवा. बोअरचं पाणी असेल तर ड्रिपर क्षारांनी बंद होतात, म्हणून ते उघडून साफ करता येणारे घ्या.

छाटणीची वेळ महत्त्वाची. फेब्रुवारीत सपाटून छाटली तर मार्च-एप्रिलला, नेमका उन्हाच्या तोंडावर, पडदा उघडा पडतो. मोठी छाटणी पाऊस सरताना करा, तीही एका वेळी एक तृतीयांश. बाल्कनी १.२ मीटर असल्याने आतून हात पोचतो, ही मोठी सोय आहे. पडदा भरायला दोन पावसाळे लागतील, तोवर त्याच चौकटीला ५० टक्क्यांची शेडनेट ताणून बांधा.

गवंडीकाम
वेल चांगलीच, पण पहिल्या मजल्यावर खाजगीपणा हवा असेल तर छातीपर्यंत, म्हणजे १.१ मीटरपर्यंत टेराकोटा जाळी आणि वर वेल, असं जमतं. तो पट्टा ४.६ चौ.मी., ३२५ किलो. खांबांमध्ये आडवा अँगल घालून त्यावर बसवा, कठड्यावर नाही.

नग रात्रभर भिजवायचे आणि वरचं पाणी ओसरल्यावर लावायचे. कोरडा नग मसाल्याचं पाणी ओढून घेतो आणि सांधा भुसभुशीत राहतो. दर दुसऱ्या थरात ६ मिमीची स्टेनलेस सळई. साधी सळई घातली तर १० मिमी सांध्यात तिला आवरण मिळत नाही, ती गंजून फुगते आणि नग फुटतो. पांढरे क्षार उमटले तर ॲसिड ओतू नका, कोरड्या ब्रशने झाडा. सिलेन-सिलॉक्सेनचा (पाणी मुरू न देणाऱ्या रसायनाचा) पारदर्शक हात जाळी पूर्ण वाळल्यावरच द्या, नाहीतर ओल आत कोंडते.

जाळीतून पाऊस येणारच, तो अडवण्याच्या फंदात पडू नका. बाल्कनीची फरशी खोलीपेक्षा ५० मिमी खाली, उतार शंभरास एक, म्हणजे १.२ मीटरला १२ मिमी. आउटलेट दोन, ७५ मिमीचे. पानं पडणार आहेत, एक तुंबेलच. स्लॅबच्या खालच्या कडेला पागोळी तुटेल अशी खाच ठेवा, नाहीतर पाणी पोटाला धरून आत सरकतं.

कबुतरं विसरू नका. ५० मिमीपेक्षा मोठी भोकं असतील तर मागे जाळं लागेल. आणि दर पावसाळ्यानंतर सांधे बघा. पिंपळ उगवला असेल तर बोटभर असतानाच मुळासकट काढा, नुसता वरून तोडलेला पुन्हा फुटतो.

सांगाडा
एसीपीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. ज्या पत्र्याचा गाभा पॉलिथिलीनचा असतो, तो पेटतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ ला आग अशाच क्लॅडिंगवरून वर चढली, ७२ माणसं गेली. पत्रा आणि भिंत यांच्यातली सलग पोकळी धुराड्यासारखी ओढ घेते. लावायचीच असेल तर खनिज गाभ्याची ए२ (जवळजवळ न जळणारी) श्रेणी, आणि प्रत्येक स्लॅबपाशी पोकळीत आग-अडथळा. तुमच्या भिंतीला सावली मिळाल्यावर तिची गरज मला तरी दिसत नाही. फिकट रंग पुरेल.

दिव्यांचं थोडक्यात: बाल्कनीच्या आतून, जमिनीलगत, वर तोंड करून, ३००० केल्विन (उबदार पिवळसर उजेड), आयपी६७ (धूळ-पाणी आत न जाणारी) पट्टी. म्हणजे जाळीची आणि पानांची छाया बाहेर दिसते, समोरच्यांच्या खिडकीत झोत जात नाही. ड्रायव्हर (दिव्यांना वीज पुरवणारा डबा) घरात ठेवा, टायमर अकराला बंद.

पश्चिमदार
ठरलं. खालून खांब, छातीपर्यंत जाळी, वर वेल. रंगारी पुढच्या आठवड्यात येतोय, त्याला आधी रंगवू देऊ का?

सांगाडा
थोडं थांबवा. खांब सामासिक अंतरात (इमारत आणि प्लॉटची हद्द यांच्यातल्या मोकळ्या जागेत) येतात, तेव्हा मंजूर नकाशात बसतात का ते आर्किटेक्टकडून आधी तपासून घ्या. मग अँकर आणि ब्रॅकेट बसवा, प्लेटभोवती सीलंट भरा, त्यानंतर रंगाचे सगळे हात पूर्ण करा आणि शेवटी चौकट नटबोल्टने जोडा. सगळे तुकडे कारखान्यात वेल्ड करून, भोकं पाडून मगच हॉट-डिप गॅल्व्हनाइज करून (वितळलेल्या जस्तात बुडवून) आणा. साइटवर वेल्डिंगचा एक टाका दिला तरी तिथला जस्ताचा थर जळतो, आणि दुसऱ्या पावसाळ्यात नव्या रंगावर तांबडे ओघळ दिसतात.