अनुभव धागा: अपघातानंतर गाडीच्या विम्याचा हप्ता किती वाढला, आणि किती वर्षं?

गेल्या रविवारी सोसायटीच्या फाटकातून गाडी आत घेताना डावा कोपरा खांबाला घासला. बंपर फाटला, हेडलाइट तडकला. गॅरेजवाल्याने अंदाज दिला साडेसतरा हजारांचा. एजंट म्हणतो, "मॅडम, क्लेम टाकून द्या, विमा कशासाठी घेतलाय?" शेजारचे काका म्हणतात, "अजिबात टाकू नका, पाच वर्षं रडाल." दोघंही छातीठोक. गाडी सात वर्षांची, आजवर एकही क्लेम नाही, एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे विनाक्लेम वर्षांबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ५० टक्क्यांवर.

सल्ला नकोय, तो फुकट भरपूर मिळालाय. तुमचे अनुभव लिहा. क्लेम केल्यावर पुढच्या वर्षीचा हप्ता किती आला, पूर्ववत व्हायला किती वर्षं गेली, केल्याचा किंवा न केल्याचा पश्चात्ताप झाला का? परदेशात राहणाऱ्यांनीही लिहा, तिकडे काय होतं तेही कळेल.

चौथा गिअर

काकांना माझा नमस्कार सांगा. मी तो शहाणा आहे ज्याने असल्याच बंपरसाठी क्लेम केला.

बिल सोळा हजार. कॅशलेस म्हणजे काहीच द्यायचं नाही अशा समजुतीत गाडी आणायला गेलो, तर काउंटरवर नऊ हजार दोनशे भरा म्हणाले. झिरो डेप, म्हणजे पार्टच्या जुनेपणाची कपात टाळणारं जादा कवच, नव्हतं. प्लास्टिक आणि रबराच्या पार्टची किंमत विमा कंपनी निम्मीच धरते, वर सक्तीचे एक हजार आपल्या खिशातून (१५०० सीसीच्या वर दोन हजार). म्हणजे कंपनीने दिले फक्त सहा हजार आठशे.

आता पुढचं. माझा ओडीचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा हप्ता बोनस वजा करण्याआधी बारा हजार होता. ५० टक्के सूट जाऊन सहा हजार भरायचो. क्लेमनंतर सूट शून्य. शिडी पुन्हा खालून चढायची: २०, २५, ३५, ४५, ५०. पहिल्या वर्षी सहा हजार जास्त गेले, दुसऱ्या वर्षी छत्तीसशे, मग तीन हजार, अठराशे, सहाशे. एकूण पंधरा हजार, त्यावर जीएसटी वेगळा. गाडी जुनी होते तशी आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, उतरते आणि ओडीचा मूळ आकडाही थोडा खाली येतो, म्हणून प्रत्यक्षात जरा कमी गेले असतील. पण सहा हजार आठशे मिळवायला एवढे घालवले, हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.

जुनी फियाट

हिशेब बरोबर, पण तो ५० टक्क्यांवर बसलेल्या माणसाचा आहे. माझा पहिला क्लेम झाला तेव्हा गाडीला दीड वर्ष झालं होतं, एनसीबी फक्त २०. वरून पडलो काय आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवरून काय, लागणं वेगळंच. तुमच्याच बारा हजारांवर मांडलं तर माझं नुकसान पाच वर्षांत नऊ हजार सहाशे येतं.

आणि माझं बिल होतं दोन लाख तीस हजार. एक्स्प्रेसवेवर पुढच्या ट्रकने करकचून ब्रेक मारला, मी खाली घुसलो. जीव वाचला हेच खूप. तिथे कसला हिशेब करताय? लोक एनसीबीचं एवढं मनावर घेतात की मोठ्या कामातही "क्लेम करू का नको" करत बसतात.

सिग्नलला थांबलेला

माझी कथा दोन ओळींची. लाल सिग्नलला उभा होतो, मागून टेम्पोने येऊन डिकी आत घातली. चूक शंभर टक्के त्याची. क्लेम केला माझ्या पॉलिसीवर, बोनस गेला माझा. इकडे एनसीबीला चूक कुणाची याच्याशी काही घेणंदेणं नाही, क्लेम झाला की संपलं.

धागाकर्ती

@सिग्नलला थांबलेला, मग त्याच्या थर्ड पार्टीतून, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान भरून देणाऱ्या विम्यातून, का नाही घेतलंत?

सिग्नलला थांबलेला

त्यासाठी पोलिसांत नोंद करा, मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करा. डिकीसाठी? टेम्पोवाल्याने हजार रुपये काढून हातावर ठेवले आणि गेला.

पाऊलवाट

उलट बाजूचा अनुभव लिहिते. गल्लीतून बाहेर येताना माझ्या गाडीचा धक्का एका स्कूटरला लागला, आजोबांचा पाय मोडला. त्यांनी न्यायाधिकरणात दावा केला. मी आधीच धास्तावलेली, त्यात मैत्रीण म्हणाली, आता तुझा हप्ता आकाशाला भिडणार. तसं काही झालं नाही. थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवतं आणि तो इंजिनाच्या आकारावर ठरतो, माणसावर नाही. १ जून २०२२ पासूनच्या दरात १००० ते १५०० सीसीच्या खाजगी गाडीला ३,४१६ रुपये. अपघात केलेली मी आणि कधीच न केलेला माझा भाऊ, दोघांचाही आकडा तोच. एनसीबी फक्त ओडीवर असते, तिलाही हात लागला नाही, कारण मी स्वतःच्या गाडीसाठी काही मागितलं नव्हतं.

पैशांचं असं. बाकी तारखांना जाणं, त्या आजोबांच्या सुनेकडे बघणं, हे कुठल्या हप्त्यात बसत नाही. ते चालायला लागल्याचं कळलं त्या दिवशी मी दुपारी झोपले, कित्येक महिन्यांनी.

टोलनाका

क्लेम करा, नका करू, पण लपवू नका. मी लपवला नाही, माझ्या वतीने लपवला गेला.

पहिल्या कंपनीत एक क्लेम झाला होता. रिन्यूअलच्या वेळी एजंटने दुसरी कंपनी सुचवली, हप्ता बघितला तर मस्त कमी. मी खूश. कागद वाचले नाहीत. त्याने अर्जात ३५ टक्के एनसीबी ठोकली होती, जिथे शून्य हवी होती. दहा महिन्यांनी गाडी दुभाजकावर चढली, बिल ऐंशी हजारांच्या पुढे. नव्या कंपनीने जुन्या कंपनीकडे चौकशी केली, खरं बाहेर आलं. तीन महिने पत्रव्यवहार. सही माझी, त्यामुळे "एजंटने लिहिलं" हे कुणी ऐकून घेईना. शेवटी काही रक्कम कापून उरलेली दिली, तीही नशीब म्हणायचं, पूर्ण नाकारू शकले असते. एजंट तोवर फोन उचलायचा बंद झाला होता.

पॉलिसी आली की एनसीबीच्या रकान्यात काय आकडा आहे तेवढं तरी बघा. फुकट मिळालेला बोनस फुकट नसतो.

काळ्या जंगलाच्या कडेला

जर्मनीहून. इथे बोनसची शिडी आपल्यापेक्षा कितीतरी लांब आहे. जितकी वर्षं विनाक्लेम, तितका वरचा वर्ग. त्या वर्गाचं नाव उच्चारायला शिकायलाच मला एक वर्ष लागलं: शाडनफ्रायहाइट्सक्लासे. मी बाराव्या वर्गात होतो. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये रिव्हर्स घेताना एका बाईंच्या दाराला लागलं. माझ्या लायबिलिटी विम्यातून (आपल्याकडचं थर्ड पार्टी) त्यांना ७८० युरो गेले, आणि आमच्या कंपनीच्या तक्त्याप्रमाणे मी बारावरून धाडकन पाचव्या वर्गात. पुन्हा बारात यायचं तर सात वर्षं नीट चालवायची.

पण इथे एक सोय आहे जी मला फार आवडली. कंपनीने दिलेले पैसे सहा महिन्यांच्या आत तुम्ही परत भरू शकता, मग अपघात झालाच नाही असं धरून वर्ग कायम राहतो. कंपनीला फोन केला तर त्यांनीच दोन्ही हिशेब मांडून दाखवले. मी ७८० युरो भरून टाकले. क्लेम विकत घेतला म्हणा ना!

दोन वर्षांनी रात्री जंगलातल्या रस्त्यावर हरीण आडवं आलं, पुढचा भाग चेपला. घाबरत फोन केला. पण तो क्लेम टाइलकास्को (आपल्याच गाडीचा मर्यादित विमा) या भागात बसतो, त्यात वर्गच नसतात. हप्ता जैसे थे. हरणाला काही झालं नसावं, ते उडी मारून गेलं.

लेकीची आई

कॅलिफोर्निया. आमच्याकडे अपघात झाला तो लेकीकडून, आणि धडा मिळाला तो अपघाताआधीच्या तिकिटाचा.

इथे १९८८ च्या प्रपोझिशन १०३ या, मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्यानुसार चांगल्या ड्रायव्हरला निदान २० टक्के सवलत द्यावीच लागते. अट अशी की तीन वर्षांत एकापेक्षा जास्त पॉइंट (चुकीबद्दल ड्रायव्हरच्या नावावर पडणारा गुण) नको. लेकीला आधी स्पीडिंगचं तिकीट मिळालं होतं. ट्रॅफिक स्कूल, म्हणजे वाहतूक नियमांचा छोटा वर्ग, केलं असतं तर तो पॉइंट विमा कंपनीला दिसलाच नसता. पण बाईसाहेबांना परीक्षा होती, तारीख निघून गेली. पुढच्या वर्षी डावीकडे वळताना तिने समोरच्या गाडीला ठोकलं. कुणाला लागलं नाही, पण मुख्य चूक तिची धरली, आणखी एक पॉइंट. एकटा हा अपघात असता तर सवलत टिकली असती. दोन झाले म्हणून गेली.

पॉलिसी सहा महिन्यांची, त्यामुळे लगेच काही झालं नाही. मला वाटलं सुटलो. रिन्यूअलचं पत्र आलं तेव्हा नवऱ्याने ते दोनदा वाचलं आणि मग न बोलता फ्रिजवर लावलं. अजून आहे तिथे.

चहावाली इंग्लंडमध्ये

इथे "प्रोटेक्टेड" नो क्लेम बोनस घेता येतो. मी घेतला, अपघात झाला, बोनसची वर्षं एकही कमी झाली नाहीत, आणि हप्ता तरीही वाढला! विचारलं तर उत्तर मिळालं, सूट तेवढीच आहे, सूट ज्यावर मिळते तो आकडा वाढलाय. आणि नवा कोट (हप्त्याचा अंदाज) घेताना गेल्या पाच वर्षांतले अपघात विचारतात, क्लेम केला नसला तरी सांगावे लागतात.

चौथा गिअर

भारतातल्या एनसीबी प्रोटेक्टचं पण हेच आहे ना? टक्का वाचतो, मूळ रक्कम वाढवायला कंपनी मोकळी.

जुनी फियाट

हो. शिवाय वर्षात किती क्लेमपर्यंत, तेही पॉलिसीत बघावं लागतं.

अंगणातली जास्वंद

माझा अनुभव थोडा वेगळा, तरी लिहिते. अपघातात बाबा गेले. (गाडीत नव्हते, रस्ता ओलांडत होते.) त्यांची गाडी दारात तशीच उभी. तिच्याकडे बघवत नव्हतं, विमा कुठे आठवणार. शेवटी माझ्या दिराने तारीख पाहिली, पॉलिसी संपून ऐंशी दिवस झाले होते. नव्वद दिवस उलटले की जमलेली एनसीबी जाते. त्याने धावपळ करून गाडीची तपासणी करून घेतली आणि रिन्यू केली.

तेव्हा एक कळलं. एनसीबी गाडीची नसते, माणसाची असते. बाबांनी गाडी विकली असती तर कंपनीकडून एनसीबीचं पत्र घेऊन तीन वर्षांत नव्या गाडीला लावता आली असती, विकत घेणाऱ्याला मिळाली नसती. पण मालक वारला आणि गाडी वारसाकडे आली, तर त्याची एनसीबी वारसाला मिळू शकते. आता गाडी आईच्या नावावर आहे. आईला चालवता येत नाही. दर वर्षी रिन्यूअलच्या कागदावर ५० टक्के दिसतात, आणि आई म्हणते, बघ, यांनी कधी कुणाला धक्का लावला नाही.

धागाकर्ती

@जास्वंद, काय लिहू कळत नाही. आईंना नमस्कार.

बाकी सगळ्यांचे आभार. काल रात्री पॉलिसी काढून बसले. माझा ओडीचा मूळ आकडा आठ हजार चारशे. चौथा गिअर यांच्या पद्धतीने मांडलं तर क्लेम केल्यावर पुढच्या पाच वर्षांत साडेदहा हजार जास्त जाणार, जीएसटी धरून बारा हजारांच्या वर. साडेसतराच्या बिलातून कापाकापी होऊन मला मिळणार साधारण साडेनऊ. शेजारच्या काकांना जिंकल्याचं सांगून आले, त्यांनी पेढा मागितला.

आज गाडी गॅरेजला दिली, पैसे आपले. मिस्त्री हळूच म्हणाला, "ताई, मागच्या उजव्या दारावर जुनं लांबलचक खरचटलंय, क्लेम असता तर तेही यातच बसवून दिलं असतं." म्हटलं, विमा कंपनीचा सर्व्हेअर काय आंधळा असतो का? आणि मुळात ते खरचटलं कधी? नवरा एकदम टायरची हवा तपासायला गेला.